वरच्या हॉलमधलं भाषण

दारू सोडण्याचा निर्णय माणसाने एकट्याने, स्वतःच्या अंतःकरणाला साक्षी ठेवून घ्यायचा असतो, असं म्हणतात. माझा निर्णय कुंदाने घेतला, गवारी मोडता मोडता. मी तेव्हा शेजारी बसून पेपरातलं राशिभविष्य वाचत होतो.

"शमा बाळंतपणाला येणार नाही म्हणते," ती म्हणाली.

शमा म्हणजे आमची एकुलती एक लेक शाल्मली. लग्न होऊन बार्शीला गेलेली आणि आता पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे इतकं ठरलेलं की त्यावर कधी चर्चा होत नाही. कुंदाने जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवायला घेतली होती, डिंक आणि अळीव आणून डब्यांत भरले होते.

"बार्शीची हवा चांगली असेल," मी म्हणालो.

"हवेचा प्रश्न नाही. तुमचा आहे."

तिने शेंगेची शीर ओढून काढली आणि अट सांगितली. मी पिणं सोडलं तर शमा येईल, नाहीतर बाळंतपण बार्शीलाच. नुसतं सोडतो म्हणून चालणार नाही, कारण ते मी दर पाडव्याला म्हणतो. मिरजेला एक गट आहे. पिणारी माणसं बुधवारी संध्याकाळी एका शाळेत जमतात, आपापलं सांगतात, एकमेकांच्या आधाराने सुटतात. तिथं जायचं.

तुला हे कुठून कळलं, असं मी विचारलं. कळलं, असं ती म्हणाली. आमच्या संसारात हे उत्तर पूर्ण समजलं जातं.

मी त्या वेळी तासगावात एका सहकारी बँकेत अधिकारी होतो. पण दिगंबर आष्टेकर म्हटल्यावर बँक कुणाला आठवत नसे. मी कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करायचो. तालुक्यात सत्कार असो, निरोप असो, पुतळ्याचं अनावरण असो, माईक माझ्याकडे. शोकसभेत मी उभा राहिलो तरी लोक हसायची तयारी ठेवून सावरून बसत.

पिणं शनिवारी मुरलीकडे. बाकीच्या वारांचं मी माझं बघत असे. मुरलीधर लाटकर माझा शाळेपासूनचा दोस्त. भूमापन खात्यात जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजून निवृत्त झालेला. बायको विमल वारलेली, मुलगा बंगळुरात. त्याच्या परसदारी आम्ही बसायचो. मी बोलायचो, तो ओतायचा. स्वतः एक ग्लास घेऊन तो सगळी संध्याकाळ काढी, आणि माझ्या प्रत्येक गोष्टीला, ती विसाव्यांदा सांगितली तरी, सगळ्यांत आधी हसे. असा श्रोता मिळायला पुण्य लागतं.

मला काळजी होती ती त्याचीच. मुरलीला सांगायचं कसं? उद्या मी सुटलो तर तो परसदारी एकटा काय करणार? इतक्या वर्षांच्या दोस्तीत हा सरळसरळ विश्वासघात होता. शेवटी मी त्याला खोटंच सांगितलं, की बुधवारी कोल्हापूरला कार्यक्रम आहे. तो म्हणाला, जाऊन ये, मलाही बुधवारी गुडघा शेकायला जायचंय. गुडघ्यासाठी तो दर बुधवारी मिरजेला जात असे. मिरजेत दवाखाने म्हणजे देवळांपेक्षा जास्त, त्यामुळे कोणता दवाखाना हे मी कधी विचारलं नव्हतं. बुधवारी मात्र मी एस.टी.तून उतरल्यावर तोंडाला रुमाल बांधला. मुरली दिसू नये म्हणून.

शाळेचा चित्रकलेचा वर्ग होता. मोठी माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. भिंतीवर 'माझे घर' या विषयावरची चित्रं. सगळ्या घरांना धुराडं होतं, मिरजेत एकाही घराला नसतं.

गटाचं काम रावसाहेब नावाचे गृहस्थ बघत. एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, आणि बोलणंही फलाटावरून गाडी सुटायची सूचना दिल्यासारखं. त्यांनी नियम सांगितले. इथं फक्त पहिलं नाव. इथलं ऐकलेलं इथंच ठेवून जायचं. बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. आणि ओळखीचा कुणी दिसला तर ओळख दाखवायची नाही.

"नाव?"

"दिगंबर."

बाकांवरून हसू फिरलं. रावसाहेब म्हणाले, "आमच्याकडे एक दिगंबर आहेतच. आज त्यांचा वाढदिवस. येतीलच एवढ्यात."

दारू सुटल्याचं वर्ष पुरं झालं की गटात त्याला वाढदिवस म्हणतात, हे शेजारच्याने समजावलं. हे नसीमभाई. स्टँडमागे त्यांचं गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं. आधी तेच बोलले. पोराच्या दप्तरात ते बाटली लपवायचे, ती एकदा वर्गात फुटली आणि मास्तरांनी पोराला बडवलं, पोराने बापाचं नाव सांगितलं नाही. एवढं सांगून ते खाली बसले. गोष्टीला ना नीट सुरुवात, ना शेवट. दप्तराचा प्रसंग मागे ठेवला असता तर परिणाम वाढला असता, असं मला वाटलं. हे मी मनातल्या मनात नोंदवून ठेवलं, त्यांना सावकाश सांगायचं म्हणून.

मग माझी पाळी. मी तयारी करून गेलो होतो. मी प्यालेला असेन पण वाईट दिसणार नाही, अशी एकच गोष्ट माझ्याकडे होती, शमाच्या साखरपुड्याची.

सांगलीचं कार्यालय. सकाळपासून पाहुण्यांची ऊठबस करून दमलो होतो, म्हणून एका मित्राबरोबर गाडीत बसून थोडी घेतली. थोडी म्हणजे बरीच. मग जिना चढून हॉलमध्ये गेलो, माईक हातात घेतला आणि लेकीवर बोललो. ती लहान असताना सायकलच्या दांडीवर टॉवेल बांधून मी तिला शाळेत सोडायचो. उतारावर ती म्हणायची, बाबा, ब्रेक दाबू नका. आता बाळे, मी म्हणालो, ब्रेक तुझ्या हातात. समोरची मुलगी रडली, बायका रडल्या, पुढच्या रांगेतला एक फेटेवाला म्हातारा उभा राहिला, आणि मग सगळा हॉल टाळ्या वाजवत उभा. आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं भाषण मी प्यालेल्या अवस्थेत केलं, हेच माझं दुःख आहे, असा मी शेवट केला. शेवट मला आवडला होता.

नसीमभाईंनी रावसाहेबांकडे पाहिलं.

"दांडीला टॉवेल," नसीमभाई म्हणाले. "आणि ब्रेक दाबू नका."

"हो," मी म्हणालो. मला बरं वाटलं. तपशील लक्षात राहतात.

"साहेब, ही आमच्या दिगंबरभाऊंची गोष्ट आहे."

"मीच दिगंबर."

"तुम्ही आज आलात. त्यांनी ही गोष्ट इथं पहिल्या दिवशी सांगितली. नंतरही दोन-तीनदा सांगितली, आम्हीच सांगायला लावली." ते रागावले नव्हते, त्यांना वाईट वाटलं होतं. "आणि घेतली ती घेतली, अर्धीच घेतलीत. खरी गोष्ट तर पुढंच आहे."

रावसाहेबांनी हात वर केला. ते म्हणाले, पहिल्या दिवशी असं होतं, दुसऱ्याचं ऐकलेलं आपलंच वाटतं, यात लाजण्यासारखं काही नाही, इथूनच सुरुवात होते. मी त्यांचं ऐकत नव्हतो.

"पुढं काय आहे?" मी नसीमभाईंना विचारलं.

मध्ये तोडायचं नाही हा नियम तोवर सगळे विसरले होते. नसीमभाईंनी सांगितलं. त्या कार्यालयाला दोन हॉल. साखरपुडा होता खालच्या हॉलमध्ये. दिगंबरभाऊ चढले वर. वर दुसऱ्याच कुणाच्या मुलीची सुपारी फुटत होती. भाऊंनी माईक घेतला आणि त्या पोरीला आपल्या लेकीच्या नावाने हाका मारून भाषण सुरू केलं. लोकांना वाटलं, मुलाकडचं कुणी मोठं माणूस असावं. ती पोर रडली ती घाबरून. शेवटी खालून यांची लेक आली, साखरपुड्याच्या साडीत, बापाला शोधत. दारातच तिने हात जोडून सगळ्या हॉलची माफी मागितली. मग टाळ्या पडल्या. माणूस एकदाचा खाली उतरावा म्हणून.

"बरोबर ना?" नसीमभाईंनी बाकीच्यांना विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांना पाठ होतं.

मी बाकाची कड धरली. मला जिना आठवत होता. फेटेवाला म्हातारा आठवत होता, तो नंतर लग्नात कुठेच दिसला नव्हता, वारला असेल असं मी धरून चाललो होतो. साखरपुड्याच्या अल्बममध्ये माझ्या भाषणाचा एकही फोटो नव्हता, त्यावरून मी फोटोग्राफरशी भांडलो होतो. शमा तेव्हा मध्ये पडून म्हणाली होती, जाऊ द्या बाबा, त्याची चूक नाही.

तेवढ्यात दारातून कुणीतरी म्हणालं, "उशीर झाला, माफ करा." पेढ्यांचा खोका घेऊन मुरली उभा होता.

इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध. लोकांनी सरकून त्याला जागा केली, दोघे-तिघे पाठीवर थाप मारायला उठले. पुढे माझ्या बँकेतल्या निवृत्तीलाही लोक असे उठले नाहीत. त्याने मला पाहिलं. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. जमिनीच्या मोजणीला दोन्ही बाजूंचे भाऊ कुऱ्हाडी घेऊन यायचे, त्या नोकरीत हा गुण अंगी येतो.

"दिगंबरभाऊ," रावसाहेब त्याला म्हणाले, "हे नवीन आलेत. तुमचीच गोष्ट सांगत होते. तुम्ही ओळखता का यांना?"

मुरलीने खोका टेबलावर ठेवला. त्यावरचा दोरा सोडवायला त्याला वेळ लागला.

"नाही," तो म्हणाला.

रावसाहेबांनी मान डोलावली. ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, याला म्हणतात तत्त्व पाळणं, इथं कुणी कुणाला ओळखत नाही.

मी उठून सगळं सांगून टाकावं, असं मनात आलं. पण पुरावा काय होता? मला काही आठवत नव्हतं. त्याला सगळं आठवत होतं.

त्याला वर्ष पुरं झाल्याचं पितळी नाणं दिलं, टाळ्या वाजल्या, आणि वाढदिवसाचं बोलायला सांगितलं. मी त्याला कधी चार माणसांसमोर बोलताना पाहिलं नव्हतं. लग्नात नाव घ्यायला सांगितलं तेव्हा तो ठसका लागल्याचं निमित्त करून उठून गेला होता. इथं तो उभा राहिला, खिडकीबाहेर बघत थांबला, आणि माझ्यासारखा बोलू लागला. माझे विराम. माझा तो एक हात मागे बांधायचा प्रकार. वाक्य अर्ध्यावर सोडून लोकांना जवळ ओढायची माझी युक्ती, जी कमवायला मला दहा वर्षं लागली होती.

"लेकीने मला धरून जिना उतरवला," तो म्हणाला. "खाली सगळे अंगठीसाठी खोळंबले होते. जिन्याच्या वळणावर तिने मला भिंतीला टेकवून उभं केलं, माझा सदरा नीट केला, आणि विचारलं, बाबा, मी कोण ते सांगा." तो थांबला. विराम अचूक होता. "मी म्हणालो, ताई, नाव सांगून ठेवा, सत्काराच्या वेळी घेतो."

कुणी हसलं नाही. नसीमभाईंनी डोळे पुसले. मुरली खाली बसला, मग खोका घेऊन प्रत्येकाजवळ गेला. माझ्यापुढेही धरला. मी पेढा घेतला. पेढा चांगला होता, कंदी.

सगळे पांगल्यावर शाळेच्या नळापाशी मी त्याला गाठलं. तो हात धूत होता. धुऊन झाले तरी धूत राहिला.

"गुडघा कसा आहे?" मी विचारलं.

"बरा आहे."

मग जे कळलं ते असं. साखरपुड्यानंतर कुंदा त्याच्याकडे गेली होती. भावजी, तुम्ही त्यांचे दोस्त, मिरजेचा तो गट कसा आहे बघून या, आणि बरा असला तर यांना घेऊन जा. तो बघायला आला. इथं आल्यावर प्रत्येकाने उभं राहून बोलायचं असतं, हे त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्यासाठी आलोय म्हणायची लाज वाटली. असं तर सगळेच म्हणत असतील. त्याच्यापाशी सांगण्यासारखी गोष्ट एकच होती, ती त्याने सांगितली. गोष्टीबरोबर नावही आलं.

"मग घरी जाऊन कुंदाला काय सांगितलंस?"

"ठीक नाही म्हणून सांगितलं. हलकी माणसं येतात म्हटलं, दिगूला आवडायचं नाही."

"आणि स्वतः येत राहिलास."

"लोक ऐकतात रे," मुरली म्हणाला. "शाळेपासून मी तुझं ऐकतोय. माझं कुणी ऐकलं? विमल होती तोवर ती बोलायची. इथं मी उभा राहिलो आणि सगळे गप्प झाले. मला वाटलं काहीतरी चुकलं. तर ते ऐकत होते."

"वर्ष झालं म्हणे तुझी सुटून. गेल्या शनिवारी माझ्यासमोर बसून प्यायलास ती काय होती?"

"मला कधी लागलीच नव्हती, तर सुटणार काय? एक ग्लास म्हणजे तुझ्या सोबतीला."

"ओतायचास तू."

त्याने ओले हात सदऱ्याला पुसले.

"मला इथं आणायचं सोडून वर्षभर दर शनिवारी ओतलीस."

"शनिवारी बसलो नसतो," मुरली म्हणाला, आणि मी त्याला ओळखतो तेवढ्या वर्षांत इतकं खरं तो कधीच बोलला नव्हता, "तर बुधवारी काय सांगितलं असतं?"

नळ टपकत होता. त्याने तो घट्ट केला.

"जिन्याचं तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"मी तिथंच होतो. खाली. तू वर निघालास तेव्हाही बघितलं."

"मग थांबवलं का नाहीस?"

"वाटलं, लघवीला चाललास."

परतताना आम्ही एकाच एस.टी.त होतो, तो पुढे बसला, मी मागे. नियम असा की ओळख दाखवायची नाही.

घरी कुंदा भाताला पाणी घालत होती. मी दारातच विचारलं, साखरपुड्याचं तुला सगळं माहीत होतं? तिने हो म्हटलं. सबंध गावाला माहीत होतं का? गावाला नाही, फक्त जे होते त्यांना. मला चक्कर आली, असं व्याह्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते मानलं होतं, चांगली माणसं आहेत.

"मला का नाही सांगितलंत कुणी? दुसऱ्या दिवशी मी विचारलं होतं, भाषण कसं झालं. तू म्हणालीस, चांगलं झालं."

"शमाने शपथ घातली होती."

"कशाला?"

कुंदाने भातावर झाकण ठेवलं. "ती म्हणाली, बाबांना सांगू नका. सांगितलं तर ते त्याची गोष्ट करतील आणि पुढच्या कार्यक्रमात सांगतील. लोक हसतील, आणि मला ते आयुष्यभर ऐकावं लागेल."

मी ताटं मांडायला घेतली.

पुढचं थोडक्यात. मी बुधवारी जात राहिलो. दुसरा गट सांगलीला होता, पण तिथला वार कुंदाच्या भजनी मंडळाच्या आड यायचा. रावसाहेबांनी मला नाव विचारलं, मी खरं तेच सांगितलं, आणि घोळ नको म्हणून त्यांनी मला धाकटे दिगंबर म्हणायला सुरुवात केली. मोठे दिगंबर नंतर महिनाभर आले, मग बंगळुरला मुलाकडे गेले. त्यांच्यासारखं मनापासून बोलणारा पुन्हा मिळाला नाही, असं नसीमभाई अजून म्हणतात. मी बोलायला उभा राहिलो की ते मान खाली घालून बसतात. मी पुन्हा कुणाचं उचलतोय की काय, अशी त्यांना धास्ती वाटते. म्हणून मी आता थोडंच बोलतो. शनिवारची बैठक मोडली. एकट्याने घेऊन पाहिली एकदा, पण ऐकायला कुणी नसेल तर दारू फार कडू लागते, हे तोवर मला माहीत नव्हतं.

शमा सातव्या महिन्यात आली. मी दारात उभा होतो. तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि विचारलं, आई कुठाय.

मुलगी झाली. बारसं घरीच केलं. भाषण ठेवलं नव्हतं.